मढ्यावरचे ठोके

थिएटरात त्याला सगळे ठेकेदार म्हणायचे. बांधकामाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तेहेतीस वर्षं तो नाटकाच्या वाद्यवृंदात, रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात बसून ड्रम वाजवत आला होता, आणि ठेका धरणाऱ्याला ठेकेदार नाही तर काय म्हणायचं, असा तिथल्या व्हायोलिनवाल्यांचा विनोद होता. विनोद पहिल्याच वर्षी शिळा झाला, नाव मात्र चिकटलं.

या माणसाला एक वेड होतं. वेड म्हणायचं की खूळ, हे त्याच्या बायकोला विचारा. तो सरावाचे जुने पॅड जमवायचा. ड्रमवर सराव केला तर शेजारी दार ठोठावतात, म्हणून ड्रमवाले लाकडी फळीवर रबर चिकटवून त्यावर काठ्या मारतात. टक टक टक, एवढंच. तीच ती फळी. असे सत्तेचाळीस पॅड त्याने जुन्या बाजारांतून, बंद पडलेल्या संगीत शाळांतून, मेलेल्या वादकांच्या विधवांकडून गोळा केले होते. एक उतरत्या लाकडी ठोकळ्याचा, वर चौकोनी रबर. एक लोखंडी कड्याचा, स्क्रू पिळला की ताणला जाणारा. एक पट्ट्याने मांडीला बांधायचा. एकाच्या कडेला सिगारेटचे तीन चटके होते. कोणीतरी सराव करता करता तिथे जळती सिगारेट ठेवत असणार, आणि तीनदा विसरला असणार. ठेकेदाराला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटायची.

"सत्तेचाळीस पोरं," बायको म्हणायची, "आणि एकाचंही लग्न ठरत नाही."

पण नुसते मांडून ठेवण्यातला तो नव्हता. रोज सकाळी चार पॅड काढायचा आणि पाळीपाळीने वाजवायचा. त्याचे डोळे बांधून कुठल्याही पॅडवर एक ठोका मारा, तो नाव सांगायचा. रबर म्हातारं झालं की कडक होतं, चकाकतं, काठीला उसळी देत नाही. मग त्याला विंटरग्रीनचं तेल पाजावं लागतं. दुखण्याच्या बामाला जो वास असतो, तो याच तेलाचा. ब्रशाने पातळ हात द्यायचा, रात्रभर मुरू द्यायचं, चार-पाच वेळा केलं की रबर पुन्हा मऊ होतं, जिवंत होतं. ही कृती त्याला बायकोनेच आणून दिली होती. ती एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, आणि टाइपरायटरचा रबरी रूळ कडक झाला की तिथला दुरुस्तीवाला हेच तेल लावायचा. पुढे तीस वर्षं घराला त्या तेलाचा वास आला, आणि तीस वर्षं ती स्वतःच्या त्या उपकाराला शिव्या देत राहिली.

एका पॅडला मात्र तेल लावायचं नाही असा त्याचा नियम होता. पॅड जमवणाऱ्यांमध्ये ही रीतच आहे. एक पॅड मिळाला तसाच ठेवायचा, म्हणजे बाकीचे मूळचे कसे होते त्याचं भान राहतं. ठेकेदाराचा तो पॅड काळाठिक्कर, दगडासारखा, मधोमध भेगाळलेला होता. त्यावर काठी एकतर भलतीकडे उडायची, नाहीतर पडायची ती पडूनच राहायची. पुन्हा उचलायची तर मनगटाने उचलायची, फुकटची मदत नाही. त्याचं नाव त्याने ठेवलं होतं मढं. बायकोला ते नाव अजिबात आवडत नसे. "घरात असलं काही बोलू नका हो," म्हणायची.

आणि मग एका सकाळी दाढी करताना ठेकेदाराच्या डाव्या हातातला पाण्याचा मग खाली पडला. त्याने वाकून उचलायला हात घातला, तर हात गेलाच नाही.

अर्धांगाचा हलका झटका, डॉक्टर म्हणाले. हलका! बोलणं चार दिवसांत परत आलं, पाय दोन आठवड्यांत परत आला, म्हणून हलका. डाव्या हाताची मूठ वळत होती, चमचा धरता येत होता. बँकेत काम करणारा असता तर पेढे वाटले असते. पण ड्रमवाल्याचा डावा हात म्हणजे निम्मा माणूस, हे त्या डॉक्टरांना कोण सांगणार?

वाद्यवृंदाच्या मास्तरांनी मात्र माणुसकी दाखवली. दवाखान्यातून सुटल्यापासून दहा आठवडे त्यांनी त्याची खुर्ची राखून ठेवली. त्यानंतर नव्या नाटकाच्या तालमी सुरू होणार होत्या. त्या नाटकाची सुरुवातच मुळी काळोखात, एकट्या ड्रमच्या रोलवर होती. दोन्ही काठ्यांचे बारीक बारीक ठोके एकमेकांत विरघळवून चाळीस सेकंद अगदी हळू, अखंड धरायचे. "दहा आठवड्यांनी ये आणि तेवढं वाजवून दाखव," मास्तर म्हणाले होते. "दाखवलंस तर खुर्ची तुझी."

ठेकेदाराने कंबर कसली. आठवड्यातून तीनदा व्यायामवाली बाई यायची. ती बोटांत रबरी चेंडू द्यायची, खुंट्या उचलायला लावायची, मनगट पिळून काढायची, आणि तोंडाने एकच घोकायची, "पहिले तीन महिने सोन्याचे असतात, काका. यात जे परत आलं ते आलं. नंतर फार कमी येतं." सकाळ-संध्याकाळ तो खांद्यापासून बोटांपर्यंत बाम चोळायचा. पाचव्या आठवड्यात हातावर लाल पुरळ उठलं आणि डबीही संपली, तेव्हा बाईंनी नवी आणू दिली नाही.

आणि रविवारी मोजणी असायची. मोजणी मढ्यावर. बाकीचे पॅड उसळी देतात, लाड करतात. मढं फुकट काही देत नाही, म्हणून खरं काय ते मढंच सांगणार. हाताला सवय होऊ नये म्हणून एरवी त्याला हात लावायचा नाही. ते सर्वांत वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेलं असायचं, आणि त्याला डाव्या हाताने तोल सावरून स्टुलावर चढता येत नव्हतं, म्हणून दर रविवारी बायकोच ते काढायची आणि बायकोच परत ठेवायची. फक्त डाव्या हाताने एक मिनिट ठोके. बायको घड्याळ लावून मोजायची. मिनिटाला किती शब्द, याच्यावर जिची नोकरी चालली तिचा कान पक्का होता. मनातल्या मनात तोही मोजायचा. दोघांचा आकडा जुळला की कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचा.

पहिल्या रविवारी एकाहत्तर. दुसऱ्या रविवारी चौऱ्याहत्तर. तिसऱ्या रविवारी अडुसष्ट.

अडुसष्ट आल्यावर त्याने काठी खाली ठेवली. गॅलरीत गेला आणि कठड्याला पोट टेकवून खाली बघत उभा राहिला. चौथा मजला. बायकोने दोनदा चहाला हाक मारली. तिसऱ्या हाकेला ती स्वतः आली आणि त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून तशीच उभी राहिली, त्याच्याकडे न बघता. मग दोघं आत आले.

चौथ्या रविवारी त्र्याऐंशी झाले.

त्याचा जीव भांड्यात पडला. पाचव्याला एकशे एक, सहाव्याला एकशे अठरा. व्यायामवाल्या बाईंना त्याने सातव्या आठवड्यात निरोप दिला. चेंडू दाबून कोणी ड्रमवाला झालंय का? हात आपला येतोय ना, मग आपण आपलं काठीनेच बघू. बाई दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "काका, माझ्या वहीत तुमच्या पकडीचं माप अजून वाढलेलं नाही." तो हसला. वही काय सांगते! त्याच्याकडे मढं होतं. मढं खोटं बोलत नाही.

"बाईंना थांबवू नका हो," बायको म्हणाली होती. दोनदा म्हणाली. त्याने कपाटाचं दार उघडून खडूचे आकडे दाखवले. त्यावर तिने ते दार लावून घेतलं.

दहाव्या रविवारी एकशे बहात्तर आले. तो स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या पाठीवर उजव्या हाताने रोल वाजवून आला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी वाजवायचा तसा. ती भांडी विसळत होती. तिने मान वर केली नाही.

सोमवारी दुपारी तो थिएटरात गेला. रिकाम्या खुर्च्या, खड्ड्यात एक दिवा. मास्तर वहीत काहीतरी लिहीत होते. बदली आलेली ड्रमवाली बाजूला अंग चोरून उभी होती. तिने त्याच्यासाठी खुर्चीची उंचीसुद्धा बरोबर करून ठेवली होती. तेहेतीस वर्षांची ती खुर्ची. बसला, आणि खाली खुर्चीच्या पायाचं तेच करकरणं ऐकून त्याला भरून आलं.

"घे," मास्तर म्हणाले. "अगदी हळू."

पहिले पाच सेकंद बरे गेले. उजवा हात बारीक दळत होता, डावा मागून येत होता. मग डावा अडखळला. रोलमध्ये भोकं पडायला लागली. त्याने काठी जोरात दाबली तर आवाज मोठा झाला, सैल सोडली तर विरला. त्याने दात आवळले. बाराव्या सेकंदाला डावी काठी बोटांतून निसटली आणि व्हायोलिनवाल्यांच्या स्टँडांमध्ये जाऊन पडली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

पुन्हा. या वेळी नऊ सेकंद.

"घाई नाही. पाणी पी. पुन्हा."

तिसऱ्या वेळी तर रोल सुरूच झाला नाही. उजवा एकटाच टक टक करत राहिला, आणि ठेकेदाराने स्वतःच थांबवला. मास्तर खाली वाकले, स्टँडांखालून काठी शोधून काढली. ती त्यांनी त्याच्या हातात दिली नाही, शेजारच्या स्टँडवर ठेवली.

"घरी कशावर वाजवतोस रे?" त्यांनी विचारलं.

"मढ्यावर. एकशे बहात्तर येतात, मास्तर. काल आले. शपथ."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. "तालमी उद्यापासून आहेत," एवढंच म्हणाले. ड्रमवाली रडत होती, आणि ते पाहून ठेकेदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची कीव नको होती त्याला. तो कोट न घालताच बाहेर पडला.

घरापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. त्या वीस मिनिटांत त्याने तो हिशेब पन्नासदा मांडला आणि पन्नासदा तो चुकला. मढ्यावर जे जमतं ते जिवंत ड्रमवर जमायलाच हवं. आयुष्यभर त्याने हेच धरून सराव केला होता. मढ्यावर एकशे बहात्तर, तर ड्रमवर दोनशेच्या खाली यायचं कारणच नाही. हात तोच. कालचाच हात. मग काय बदललं? चौकात एक मोटार करकचून थांबली, चालवणारा काहीतरी ओरडला, याच्या कानात शिरलं नाही.

बायको दारातच उभी होती. त्याचा चेहरा बघून ती बाजूला झाली. त्याने बूट काढले नाहीत. तो सरळ आतल्या खोलीत गेला, स्टूल ओढलं, आणि उजव्या हाताने कपाटाला धरून वर चढला.

"अहो, पडाल! मी देते काढून!"

त्याने कापडासकट मढं खाली आणलं, टेबलावर ठेवलं, कापड सोडलं. वरून ते तसंच होतं, काळं, भेगाळलेलं. त्याने उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख रबरावर टेकवलं आणि दाबलं. मेलेल्या रबरावर नख घसरतं. हे नख आत गेलं. उचललं तेव्हा तिथे अर्धचंद्र उमटलेला होता, आणि तो हळूहळू भरून येत होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

बायकोने पदराला हात पुसले. ते कोरडेच होते.

"तिसऱ्या रविवारपासून," ती म्हणाली. "तुम्ही झोपलात की. एक हात आठवड्याच्या मधे, एक शनिवारी."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही त्या कठड्यावर किती वाकला होतात, ते तुम्हाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं." तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. "आकडाच वाढवून सांगितला असता मी. पण तुम्ही मनात मोजता. मग दुसरं काय करायचं होतं मी? एक रविवार फक्त. एक रविवार बरा जावा, एवढंच होतं मनात. मग तुम्ही जेवायला लागलात. गुणगुणायला लागलात. त्याच्या पुढच्या रविवारी खरं काय ते कसं सांगू? कोणत्या तोंडाने?"

"अगं, बाईंना थांबवलं मी!" तो ओरडला. शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल, जाऊ दे. "या आकड्यांच्या जिवावर थांबवलं! तीन महिने सोन्याचे म्हणाल्या होत्या त्या. चार आठवडे गेले माझे. नुसती उसळी वाजवत बसलो मी. रबर बरं होत होतं, आणि मी समजत होतो हात बरा होतोय!"

"मी म्हटलं होतं थांबवू नका."

"म्हटलं होतंस! दोनदा म्हटलंस! सांगितलं का नाहीस?"

ती खाली बसली, खुर्ची जवळ असून जमिनीवर बसली. त्याने मढं बाजूला सारलं. टेबलाचं उघडं लाकूड, तिथे कधीकाळी तिचा टाइपरायटर असायचा. त्याने डाव्या हातात काठी धरली. धरायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"घड्याळ लाव."

"नको हो."

"लाव म्हणतो ना."

तिने लावलं. तो लाकडावर मारू लागला. काठी वेडीवाकडी उडत होती, तो ती मनगटाने ओढून आणत होता, आणि पस्तिसाव्या सेकंदाला त्याचं मनगट नुसतं थरथरायला लागलं. तरी तो थांबला नाही. ती ओठ हलवत मोजत होती. मिनिट संपलं.

"एकसष्ट," ती म्हणाली.

एकसष्टच. त्याचाही तोच आकडा होता. पहिल्या रविवारच्या एकाहत्तरपेक्षा दहा कमी. त्याने कपाटाचं दार उघडलं, एकशे बहात्तरच्या खाली खडू नेला आणि मग नुसता धरून उभा राहिला. लिहून कोणाला दाखवणार होता?

"मी घालवला तुमचा हात," बायको जमिनीवरूनच म्हणाली. ती रडत नव्हती, आणि रडली असती तर बरं झालं असतं. "चाळीस वर्षं तुम्ही कमावलेला. मी माझ्या या हातांनी घालवला. मला काय बोलायचं ते बोला. पण बोला काहीतरी."

बोलायला पुष्कळ होतं. जिभेवर आलेलंही होतं. तो तोंड उघडून तिच्याकडे वळला आणि त्याला तिचे हात दिसले, बोटांची पेरं तेलाने पिवळट झालेली, नखांच्या कडा सोललेल्या. पूर्वी ती हातमोजे घातल्याशिवाय त्या बाटलीला शिवत नसे. हातमोजे माळ्यावरच्या खोक्यात होते. रात्री माळ्यावर चढली असती तर आवाज झाला असता, आणि तो जागा झाला असता.

हे हात गेले कित्येक आठवडे रोज त्याच्या ताटात वाढत होते. आणि तो, डोळे बांधून सत्तेचाळीस पॅड ओळखणारा.

त्याने खडू फळीवर ठेवला. मग टेबलाच्या कडेला धरून तोही सावकाश खाली बसला, तिच्यासमोर.

"मढ्यावरचा वास मलाही येत होता," तो म्हणाला.

तिने मान वर केली. "बामाचा वाटला असेल तुम्हाला. एकच तर वास दोन्हीचा."

"तसंच म्हणत होतो मी मनाशी. दर रविवारी."

"मग?"

डावा हात त्याच्या मांडीवर उताणा पडला होता. उजव्या हाताने त्याने तो उचलून तिच्या हातात ठेवला, त्या एका मिनिटानंतर आपण होऊन तो तेवढंही करत नव्हता म्हणून.

"बाम तर पाचव्या आठवड्यातच संपला होता," तो म्हणाला. "नवी डबी आपण आणलीच नाही."